शौल राजाचा सहा बैठकींचा मराठी अभ्यासवर्ग, इंदूर: तिसरी बैठक चुकवू नका, बाविसावा अध्याय घरी वाचा

इंदुरात ख्रिस्ती उपासना बहुतेक हिंदीत चालते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे १८७७ साली काम सुरू केलं आणि ते हिंदीतच वाढलं. नगर-जालन्याकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं रविवारी हिंदीत गातात आणि रात्रीची घरची प्रार्थना मराठीत करतात. अशा गावात पहिल्या शमुवेलाचा (जुन्या करारातल्या ‘१ शमुवेल’ या पुस्तकाचा) अभ्यास मराठीतून, तोही उपदेशाच्या थाटात न करता पुस्तक उघडून ओळीओळीने होत असेल, तर त्याची नीट दखल घ्यायला हवी. म्हणून हे सविस्तर परीक्षण.

वर्ग एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत भरतो. सहा शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ. बारा ते पंधरा माणसं मावतात, त्याहून जास्त घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दीडशे रुपयांत छत्तीस पानांची पुस्तिका मिळते, चहा त्यातच आला. विषय एकच: देवाने निवडलेला, आत्म्याने भरलेला, लोकांना आवडलेला इस्राएलाचा पहिला राजा शौल शेवटी कसा ढासळला आणि आपलं रोजचं जगणं विश्वासू राहावं म्हणून त्यातून काय घ्यायचं. पुस्तिकेत वचनं छापलेली नाहीत, नुसते संदर्भ दिले आहेत. त्यामुळे स्वतःचं पवित्र शास्त्र नेणं भाग आहे. हिंदी प्रत असली तरी चालते, कारण अध्याय आणि वचनांचे आकडे जुळतात. नावांची रूपं थोडी वेगळी वाटतात, पण पहिल्या बैठकीत सवय होते. मोबाइलवरचं बायबल मात्र नेऊ नका. या अभ्यासात दोन-तीन अध्याय एकाच वेळी पुढेमागे चाळावे लागतात. बोटाने स्क्रीन सरकवणारे मागे पडतात आणि शेजाऱ्याच्या प्रतीत डोकावत बसतात.

निकाल आधीच सांगतो: वर्ग करण्यासारखा आहे. तिसऱ्या बैठकीसाठी तर बाकीच्या पाच कराव्यात. पण आखणीत एक मोठी फट आहे. ती भरून काढली नाही तर आज्ञापालनाचा धडा अर्धवट शिकून माणूस घरी जातो.

पहिली बैठक ९ ते ११ या अध्यायांवर आहे आणि तिची चाल चांगली आहे. शौलाला सुरुवातीपासून काळा रंगवण्याची आपल्याकडे खोड आहे. व्यासपीठावरून तो पहिल्या वाक्यात येतो तोच गर्विष्ठ म्हणून. वर्गात मात्र माणूस जसा लिहिलाय तसा वाचून घेतात. बापाची हरवलेली गाढवं शोधत फिरणारा मुलगा. ‘मी बन्यामिनी, इस्राएलातल्या सर्वांत लहान वंशातला’ असं म्हणणारा. राज्याभिषेकाची वेळ आली तेव्हा सामानसुमानात लपून बसलेला. नाहाश अम्मोन्याने याबेश-गिलादच्या लोकांचे उजवे डोळे काढण्याची धमकी दिली, तेव्हा त्यांच्यासाठी धावून गेलेला. आणि विजय मिळाल्यावर, ज्यांनी त्याला तुच्छ लेखलं होतं त्यांना मारून टाका असं लोक म्हणू लागले, तेव्हा ‘आज कोणाला मारायचं नाही’ असं ठणकावणारा. ही पानं सावकाश वाचल्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात येते. पुढचं सगळं एका चांगल्या माणसाच्या बाबतीत घडलं आहे. ‘मी काही शौलासारखा नाही’ ही पळवाट इथेच बंद होते.

एक उणीव मात्र आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायातला राजांचा नियम पुस्तिकेत तळटीपेसारखा आला आहे. राजाने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनं-रुपं साठवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे त्याचं मन भाऊबंदांच्या वर चढणार नाही. संपूर्ण वर्गाची मोजपट्टी तीच आहे. तिला पहिल्या बैठकीत निदान वीस मिनिटं द्यायला हवीत.

दुसरी बैठक १३ आणि १४ या अध्यायांची. शौलाने निवडलेले तीन हजार, त्यांतले दोन हजार मिखमाशात त्याच्याजवळ आणि एक हजार गिब्यात त्याचा मुलगा योनाथान याच्याजवळ. समोर पलिष्ट्यांचे सहा हजार स्वार, रथ आणि मोजता न येणारं पायदळ. आपली माणसं गुहांत, झुडपांत, विहिरींत लपायला लागलेली, काही यार्देन ओलांडून पळालेली. शमुवेल संदेष्ट्याने सात दिवस थांबायला सांगितलेलं, पण तो येईना. शौलाने होमार्पण केलं आणि ते संपतं न संपतं तोच शमुवेल हजर झाला. शेवटी माणसं मोजली तर सहाशे उरली होती. इस्राएलात तर लोहारही नव्हता. नांगराच्या फाळाला धार लावायला पलिष्ट्यांकडे जायचं आणि एक पीम मोजायचा. ‘पीम’ कोरलेली लहान दगडी वजनं उत्खननात सापडली आहेत, साडेसात-आठ ग्रॅमच्या आसपासची. म्हणजे लढाईच्या दिवशी शौल आणि योनाथान सोडले तर कोणाच्या हातात तलवार नाही की भाला नाही. हे सगळं वर्गात नीट मांडतात, आणि मांडलंच पाहिजे. शौलावर किती दडपण होतं हे कळल्याशिवाय त्याची चूक कळत नाही.

पुढे मात्र पुस्तिका ‘याजक नसताना त्याने यज्ञ केला, म्हणून दोष’ एवढं लिहून मोकळी होते. हे उत्तर पुरेसं नाही. पुढचे राजे दावीद आणि शलमोन यांनीही होमार्पणं केल्याचं लिहिलं आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावलेला नाही. (मंदिरात धूप जाळायला शिरलेल्या उज्जीया राजाची गोष्ट वेगळी.) मूळ मुद्दा १०:८ (दहावा अध्याय, आठवं वचन) मध्ये आहे. शमुवेलाने सांगितलं होतं: सात दिवस वाट पाहा, मी येईन आणि तू काय करायचं ते सांगेन. शौलाने यज्ञ केला यापेक्षा, काय करायचं ते कळायच्या आत त्याने काहीतरी धार्मिक करून टाकलं, हा दोष आहे. १३:१३ मध्येही शमुवेल आज्ञा मोडल्याचंच बोलतो. १४:१९ मध्ये हीच खोड पुन्हा दिसते. शौल याजकाला देवाचा सल्ला घ्यायला बोलावतो आणि पलिष्ट्यांच्या छावणीत गलबला वाढताना दिसला की ‘हात आवर’ म्हणतो. थोड्याच वेळाने शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत कोणी अन्न चाखलं तर तो शापित. योनाथान काठीच्या टोकाने मध चाखतो आणि बापाच्या शपथेमुळे मरता मरता वाचतो. देवाचं ऐकायला वेळ नाही, देवाच्या नावाने नियम घालायला भरपूर वेळ. १३ आणि १४ एकत्र वाचले की ही जोडी ठसठशीत दिसते. वर्गात त्यावर फक्त दहा मिनिटं जातात.

या बैठकीचा गृहपाठ असा: तुम्ही कशाची वाट पाहताय ते लिहा, कोणाच्या सांगण्यावरून पाहताय ते लिहा, आणि घाईघाईने काय करून टाकावंसं वाटतंय ते लिहा. प्रश्न चांगले आहेत, पण चौथा हवा होता: ही वाट खरंच आज्ञेमुळे आहे, की निर्णय टाळण्यासाठी? बदलीचा अर्ज, मुलीचं लग्न, भावाशी जमिनीचा वाद, अशा गोष्टींत लोक ‘देवाची वाट पाहतोय’ म्हणत वर्षं काढतात. शौलाला सात दिवसांची मुदत होती आणि ती कोणी दिली हेही ठाऊक होतं. ज्या थांबण्यामागे सांगणारा नाही आणि मुदत नाही, ते थांबणं या अध्यायात बसत नाही.

आता तिसरी बैठक. अध्याय फक्त एक, पंधरावा, आणि त्याला दोन तास. शमुवेलाच्या तोंडून देवाने शौलाला अमालेकी लोकांचा जनावरांसकट समूळ नाश करायला सांगितलं होतं, आणि शौलाने उत्तम मेंढरं-गुरं राखून ठेवली, तो हा अध्याय. पुस्तिकेतल्या चार पानांवर आडवे तक्ते आहेत, प्रत्येकात तीन रकाने: काय सांगितलं होतं, काय केलं, काय सांगत गेला. पहिल्या तासात सगळ्यांनी मिळून हे रकाने वचनं बघून भरायचे. पहिल्यात तिसरं वचन, दुसऱ्यात आठवं-नववं. खरं काम तिसऱ्यात आहे: १३, १५, २०, २१, २४ आणि ३०.

शौल पहिलं वाक्य बोलतो ते स्वतःची पाठ थोपटणारं: परमेश्वराची आज्ञा मी पाळली. मागून मेंढरं बेंबटत असतात. शमुवेल विचारतो, मग हे बेंबटणं कसलं? पंधरावं वचन शब्दाशब्दाने वाचा. अमालेक्यांकडून ‘त्यांनी’ आणली, उत्तम मेंढरं-गुरं ‘लोकांनी’ राखली, ‘तुझा देव’ परमेश्वर याला यज्ञ करायला राखली, आणि बाकीच्यांचा ‘आम्ही’ नाश केला. जे राखलं ते लोकांनी, जे मोडलं ते आम्ही. आणि देव कोणाचा, तर शमुवेलाचा. एकविसाव्या वचनात पुन्हा ‘तुझा देव’, तिसाव्यात पुन्हा तेच. चोविसाव्यात तो ‘मी पाप केलं’ म्हणतो, पण लगेच ‘लोकांना भ्यालो’ हे कारण जोडतो. तिसाव्यात पापाची कबुली अर्ध्या वाक्यात उरकून मागणी करतो: वडीलजनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख. त्याआधी बाराव्या वचनात एक गोष्ट येते जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शमुवेल भेटायला निघाला तेव्हा शौल कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारून आला होता.

रकाना भरून झाला की खोलीत कोणाला व्याख्यानाची गरज उरत नाही. अपुरं आज्ञापालन वाईट असतं हे तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. अपुरं राहिलेलं झाकायला माणूस उपासनेचा उपयोग कसा करतो, ते इथे दिसतं. राखून ठेवलेली जनावरं यज्ञासाठीच होती, असं सांगितलं की लूट अर्पण होऊन जाते. शमुवेलाचं ते प्रसिद्ध उत्तर, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, आपल्या मंडळ्यांत लहान मुलांनाही पाठ असतं. पण तक्ता भरल्यावर ते कोणाला आणि कशावर दिलं होतं हे कळतं.

दुसऱ्या तासात तोच तक्ता स्वतःच्या आठवड्यावर भरायचा, वीस मिनिटं, कोणाशी न बोलता. इथे काय बिघडतं ते सांगायला हवं. पहिली चूक म्हणजे लोक दुसऱ्याचा तक्ता भरतात: नवऱ्याचा, सुनेचा, पाळकांचा. चालकाने आधीच बजावायला हवं की पहिल्या रकान्यात फक्त ‘मला’ सांगितलेली गोष्ट लिहायची. दुसरी चूक, पहिला रकाना मोघम ठेवतात. ‘प्रीती करावी’ असं लिहिलं की पुढचे दोन रकाने रिकामेच राहतात. ‘कारागिराचे बाकी पैसे शनिवारी द्यायचे’, ‘आईला दवाखान्यात न्यायचं’, ‘गिऱ्हाइकाला पक्कं बिल द्यायचं’ असं काही नेमकं लिहिलं तरच तिसरा रकाना बोलू लागतो. कारागिराचे पैसे थकवून मंडळीत दान दिलेलं असेल, तर ते दान तिसऱ्या रकान्यात जातं. तिसरी चूक चालकाची: भरलेले तक्ते मोठ्याने वाचायला लावणं. सुदैवाने या वर्गात ते करत नाहीत. कागद घडी घालून घरी न्यायचा. वाचून दाखवायची सक्ती केली तर माणूस तिथेही वडीलजनांसमोर मान राखायला बघेल.

एका बाबतीत मात्र ही बैठक कच खाते. तिसऱ्या वचनातली आज्ञा भयंकर आहे: पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं. पुस्तिकेत यावर एकच ओळ आहे: देवाचा न्याय. खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात प्रश्न असतो, विचारायला कोणी धजत नाही. निदान तीन गोष्टी उघडपणे बोलाव्यात. अमालेक्यांचं वैर कुठून आलं ते निर्गम १७ आणि अनुवाद २५ मध्ये आहे, ते वाचून घ्यावं. प्रभू येशूने शत्रूवर प्रीती करायला शिकवलं आहे आणि तशी आज्ञा आज कोणा ख्रिस्ती माणसाला कोणाकडूनही मिळू शकत नाही, हे स्पष्ट सांगावं. आणि त्यानंतरही मनाला टोचत राहिलं तर ते टोचू द्यावं, सारवासारव करू नये. याच ठिकाणी वर्गाची मोठी फट उघडी पडते.

ती फट म्हणजे बाविसावा अध्याय. पाचव्या बैठकीच्या वेळापत्रकात ‘२२ ते २६’ असं छापलं आहे, पण प्रत्यक्षात बाविसाव्याला पाच मिनिटं मिळतात आणि गाडी थेट एन-गेदीच्या गुहेत जाते, जिथे शौल दाविदाच्या तावडीत सापडतो. या अध्यायात शौल नोबच्या याजकांना मारायचा हुकूम सोडतो, कारण तिथल्या अहीमलेख याजकाने शौलापासून पळणाऱ्या दाविदाला भाकर आणि तलवार दिली होती. राजाचे शिपाई हात उचलायला नकार देतात. मग शौलाचा चाकर दवेग अदोमी पुढे होतो आणि एफोद (याजकाचं वस्त्र) घातलेली पंच्याऐंशी माणसं एका दिवसात मारतो. त्यानंतर नोब गावच तलवारीखाली जातं. १५:३ आणि २२:१९ शेजारी शेजारी ठेवून वाचा. पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, गाढवं, मेंढरं. उंट तेवढे वगळले तर यादी तीच. अमालेक्यांच्या बाबतीत ज्याने उत्तम ते राखलं, त्याने परमेश्वराच्या याजकांच्या गावात काही राखलं नाही.

आज्ञापालनाचा धडा इथे पुरा होतो. पंधराव्यात शौलाने आज्ञा पाळली नाही म्हणून तो दोषी. बाविसाव्यात शिपायांनी राजाची आज्ञा पाळली नाही आणि ते बरोबर. या दोन अध्यायांना जोडून शिकवलं नाही तर वर्गातून बाहेर पडणारा माणूस ‘वरच्याचं ऐकावं’ एवढंच घेऊन जाईल. कार्यालयात खोटी सही करायला सांगणारा वरिष्ठ असेल, घरात सुनेला छळायला सांगणारी थोरली माणसं असतील, त्यांच्यासमोर उभं राहायला त्या शिपायांचा नकार उपयोगी पडतो. आमच्या मते पाचवी बैठक दोन भागांत करावी, पहिला तास फक्त बाविसाव्याला द्यावा, आणि तिसऱ्या बैठकीचा तक्ता त्या शिपायांसाठी पुन्हा भरून घ्यावा. त्यांचा तिसरा रकाना रिकामा राहतो. शास्त्रात त्यांचं एकही वाक्य नाही.

मधली चौथी बैठक १६ ते २० वर आहे: मत्सर, भाला, वीणा. ‘शौलाने हजारो मारले, दाविदाने दहा हजारो’ हे बायकांचं गाणं, आणि त्या दिवसापासून दाविदावर रोखलेली शौलाची नजर. पुढे भाला दाविदावर उगारला जातो, दावीद पुन्हा पुन्हा निसटतो, आणि विसाव्या अध्यायात तोच भाला सख्ख्या मुलावर, योनाथानावर. हा क्रम वर्गात चांगला उलगडतात. पण ‘दुष्ट आत्मा शौलाला पछाडू लागला’ या वचनावर पुस्तिकेत एक उतारा आहे, तो पुढच्या छपाईत काढून टाकावा. त्यात मन उदास राहणं, झोप न लागणं, चिडचिड होणं या सगळ्यांना ‘शौलाची लक्षणं’ म्हटलं आहे. खोलीत बसलेल्या बारा-पंधरा माणसांत कोणी ना कोणी नैराश्यावर औषध घेत असतं. असा उतारा वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर जबाबदारी कोणाची? शौलाच्या चाकरांनी तरी काय केलं, तर त्याच्या त्रासावर उपाय शोधला, वीणा वाजवणारा आणला, आणि त्याला बरं वाटायचं असं लिहिलं आहे. मत्सर हे पाप आहे आणि आजार हा आजार आहे. चालकाने हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगावं, शेवटी कोणीतरी विचारेल म्हणून थांबू नये.

एन-गेदीचा भाग उत्तम होतो, एका गोष्टीचा अपवाद सोडला तर. ‘परमेश्वराच्या अभिषिक्तावर (त्याने नेमलेल्या राजावर) हात टाकणार नाही’ हे दाविदाचं वाक्य आपल्या मंडळ्यांत भलत्याच कामासाठी वापरतात: हिशेब विचारला की वापरतात. वर्गात त्यावर चर्चा होत नाही. दाविदाने काय केलं ते वचनातच बघा. त्याने मारलं नाही, झग्याचा काठ कापल्याबद्दलही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. पण गुहेबाहेर येऊन, कापलेला तुकडा हातात धरून, सगळ्यांच्या देखत तो राजाला दोष दाखवतो आणि परमेश्वराला न्याय करायला सांगतो. शौल मोठ्याने रडतो, घरी जातो. दावीद मात्र त्याच्याबरोबर घरी जात नाही, गडावर जातो. सव्विसाव्यात भाला आणि पाण्याचा चंबू उचलल्यावर शौल ‘मी पाप केलं, परत ये’ म्हणतो, तेव्हाही दावीद आपल्या वाटेने जातो. क्षमा करणं आणि पुन्हा भाल्याच्या टप्प्यात जाऊन बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘जा, नांदायला जा’ म्हणण्यापूर्वी हे दोन अध्याय वाचावेत.

शेवटच्या बैठकीत वेळेचा घोळ होतो. मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे खरंच मेलेला शमुवेल वर आला की भास होता, यावर वाद पेटतो आणि चाळीस मिनिटं जातात. दहा मिनिटांची मर्यादा घालावी, बाकीचं चहाला सोडावं. कारण या बैठकीतला खरा खजिना दुसरीकडे आहे. २८:६ म्हणतं, शौलाने परमेश्वराला विचारलं, उत्तर मिळालं नाही: ना स्वप्नांनी, ना उरीमाने (याजकाने देवाचा कौल घ्यायचं साधन), ना संदेष्ट्यांकडून. १ इतिहास १०:१४ म्हणतं, त्याने परमेश्वराला विचारलंच नाही. दोन्ही वचनं समोर ठेवून पुस्तिका विचारते, हे कसं? प्रश्न फार चांगला, पण उत्तरासाठी पुन्हा बाविसावा अध्याय लागतो. याजकांना शौलानेच मारलं होतं. वाचलेला याजक अब्याथार एफोद घेऊन दाविदाकडे गेला होता, हे २३:६ मध्ये आहे. शमुवेल वारला होता, आणि जिवंत असतानाही पंधराव्यानंतर त्याने शौलाची पुन्हा भेट घेतली नव्हती. विचारायचे सगळे दरवाजे ज्याने स्वतः बंद केले, तो शेवटच्या रात्री दरवाजा वाजवतो, आणि उत्तर येत नाही म्हणून त्याच वाटेने जातो जी त्याने स्वतः देशातून हद्दपार केली होती. शेजारी दाविदाचं २ शमुवेल १२ ठेवतात: नाथान संदेष्ट्याने त्याच्या पापावर बोट ठेवल्यावर एकच वाक्य, कारण नाही, ‘लोक’ नाहीत, मानाची मागणी नाही. ही तुलना तक्त्यात घातली असती तर आणखी भिडली असती.

गिलबोवा डोंगरावरचा शेवट वर्ग घाईने पण आदराने वाचतो. पलिष्टी शौलाचं प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगतात. यार्देनच्या पलीकडून याबेश-गिलादचे शूर रात्रभर चालून येतात, प्रेतं उतरवतात, अस्थी झाडाखाली पुरतात आणि सात दिवस उपास करतात. पहिल्या बैठकीत ज्यांचे डोळे वाचले होते, तेच हे लोक. ढासळलेल्या माणसाने एके काळी केलेलं भलं रद्द होत नाही, हे वर्गाने अधोरेखित केलं आहे आणि त्याबद्दल चालकांना दाद द्यायला हवी.

व्यवहाराच्या काही गोष्टी. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावं, म्हणजे बैठक खालच्या खोलीत घेतात. चारचाकी गल्लीत शिरत नाही, दुचाकी किंवा रिक्षा बरी. शाळकरी मुलांसाठी वेगळी सोय नाही, आणि १५, २२ आणि ३१ हे अध्याय लहानांसमोर वाचण्यासारखे नाहीत, तेव्हा मुलांना घरी ठेवा. पुस्तिकेत नकाशा नाही, ही खरोखर अडचण आहे. गिब्या, मिखमाश, गिलगाल, एन-गेदी, बेथ-शान कुठे आहे हे कळलं नाही तर तेराव्या अध्यायातली भीती आणि शेवटची रात्रभराची चाल अंगावर येत नाही. बऱ्याच बायबलांच्या मागे नकाशे असतात, तशी प्रत घेऊन जा. नव्याने विश्वासात आलेल्यांनी थेट या वर्गात येण्याआधी एखादं शुभवर्तमान पूर्ण वाचलेलं बरं, नाहीतर देव फक्त चुका टिपतो असा समज व्हायचा.

वर्ग संपल्यावर सहा आठवडे जोडीदार ठरवून देतात आणि दर बुधवारी एकमेकांना फोन करायचा असतो. फोनवर काय बोलायचं ते पुस्तिकेत दिलेलं नाही, त्यामुळे दोन आठवड्यांत तो ‘कसे आहात’पुरता उरतो. यावर उपाय सोपा आहे. तिसऱ्या बैठकीतला पहिला रकाना जोडीदाराला सांगायचा, बाकीचे दोन आपल्याजवळ ठेवायचे, आणि बुधवारी त्याने एकच प्रश्न विचारायचा: ते झालं का? शिवाय अनुवाद १७:१४ ते २० ही सात वचनं आहेत. वहीत रोज एक, हाताने, आपल्या भाषेत उतरवून काढायचं. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनीही एवढं घरी सुरू करायला हरकत नाही. वही, पेन आणि १५ व २२ या दोन अध्यायांवर खुणेची दोरी, इतकंच सामान लागतं.